पुंजारामकाकांनी सोडून दिलेली गाडी

पुंजाराम औताडेंना गुजरातेत रेल्वे पोलिसांनी धरलं, धोतर फेडून भर रुळात उभे राहिले म्हणून, आणि दोन दिवस कोठडीत बसवलं. ही बातमी आमच्या गारखेड्याच्या गल्लीत आम्ही सोमनाथहून परत यायच्या आधीच येऊन बसली होती. आणणारे गल्लीतलेच नानासाहेब. ते यात्रेला आले नव्हते, म्हणून त्यांना सगळं जास्त ठाऊक. आमची बस कोपऱ्यावर थांबली, मी वळकटी खाली टाकली, तोच दूधवाल्यानं मला हळूच विचारलं, "जामीन कुणी दिला?"

तेव्हा आधी बातमी दुरुस्त करते. काका धोतर नेसतच नाहीत. रिटायर होऊन सोळा वर्षं झाली तरी रेल्वेच्या खाकी पँटी अजून अंगावर आहेत, गुडघ्यावर ठिगळं लावलेल्या. पोलीस आम्हांला औषधालाही दिसला नाही. गाडी थांबली हे मात्र खरं. पण ती काकांनी थांबवली नाही, मी थांबवली. काकांनी ती सोडून दिली. का सोडली ते सांगायलाच बसले आहे, कारण नानासाहेबांच्या भरवशावर राहिलं तर पुढच्या महिन्यापर्यंत काकांना फाशी झालेली असेल.

काकांची आणि आमची एक भिंत सामाईक आहे. बावीस वर्षं मी त्या भिंतीतून त्यांचा राग ऐकत आले. कान लावावा लागत नाही, काका बोलले की मागच्या गल्लीतही कळतं. सकाळी नळावर राग, नऊला पेपरवाल्यावर, दुपारी टीव्हीतल्या रडणाऱ्या बायकांवर आणि संध्याकाळी माझ्या नवऱ्यावर, स्कूटर भिंतीला टेकवतो म्हणून. द्वारकाबाई, म्हणजे त्यांच्या घरच्या, आमच्या काकू, ह्या सगळ्यात शांतपणे गवार मोडत बसलेल्या असतात. एकदा मी विचारलं, "काकू, तुम्हांला भीती नाही वाटत?" तर म्हणाल्या, "आगं, इंजनानं वाफ सोडली नाय तर फुटंल की ते."

पण ह्या सगळ्या रागांच्या मुळाशी एकच राग आहे. मोठी लाईन.

आपल्या स्टेशनातून पूर्वी गाडी जायची ती छोट्या लाईनीवरून. निजामाच्या राज्यात टाकलेले रूळ, दोन रुळांत एक मीटरचं अंतर, वर बुटके डबे. पुढं मुंबईला जायचं तर मनमाडला उतरायचं आणि ट्रंका डोक्यावर घेऊन मोठ्या गाडीकडे पळायचं. नव्वदीच्या सुरवातीला ते रूळ उखडले, मोठे टाकले, आणि सगळं शहर खूश झालं. एकटे काका नाही झाले. पोलीस ॲक्शनच्या वेळी त्यांचे वडील याच लाईनीवर, रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होते. राज्य बदललं तरी ठोकायच्या चाव्या त्याच, असं ते म्हणायचे म्हणे. अठ्ठावन्न साली काका लागले, आणि पुढं की-मॅन झाले. म्हणजे रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून आपल्या वाट्याचे सहा-सात किलोमीटर रूळ चालायचे, दोन्ही बाजू बघत जायचं, कुठं रुळाची चावी, म्हणजे रुळाला धरून ठेवणारी लोखंडी पाचर, ढिली दिसली तर ठोकायची, आणि गाडी आली की बाजूला उभं राहून तिला जाऊ द्यायचं.

चौतीस वर्षं त्यांनी गाडी जाताना बघितली. कधी आत बसलेच तर ते दाराशी, हातोडा मांडीवर घेऊन, ड्यूटीच्या जागेपर्यंत. शेवटची छोटी गाडी हारतुरे घालून निघाली तेव्हा अर्धा गाव हौसेनं तिच्यात बसून चिकलठाण्यापर्यंत जाऊन आला. काकांची ड्यूटी होती. ते रुळाच्या कडेला हात वर करून उभे होते आणि खिडकीखिडकीतून लोकांनी त्यांना टाटा केला. त्या टाट्यावर काका अजून चिडतात.

"एकदा खिडकीशी बसून जायचं व्हतं," एवढंच म्हणतात, आणि मग मोठ्या लाईनीला जी शिवी देतात ती, मी पडले शाळेतली मास्तरीण म्हणून, इथं लिहीत नाही.

तर मागच्या हिवाळ्यात शहागंजातल्या बन्सीचं पत्रक आलं. बन्सी यात्रा काढतो. द्वारका-सोमनाथ, दहा दिवस, चहा-नाश्ता धरून. काकू वीस वर्षांपासून द्वारकेला जाऊ म्हणत होत्या आणि काका वीस वर्षांपासून सांगत होते, "देवाला आपलं घर माहीत हाय. काम आसंल तर येईल त्यो." ह्या खेपेला काका स्वतःच पत्रक घेऊन माझ्याकडे आले. चष्मा मुद्दाम घरी ठेवून.

"मास्तरीणबाई, हे सातव्या दिवसाचं वाचा बरं."

मी वाचलं. "दिवस सातवा. समुद्रकाठची निसर्गरम्य गावं आणि ऐतिहासिक रेल्वेचा प्रवास. सकाळी बसनं दीव. दुपारी देलवाड्याहून नबाबाच्या काळच्या छोट्या रेल्वेनं वेरावळ."

"पुन्हा वाचा."

पुन्हा वाचलं.

"रेल्वेनं, आसंच लिहिलंय ना? रेल्वे लांबून दाखवणार आसं नाय?"

"रेल्वेनं, काका."

"नबाब कुठला?"

"जुनागढचा असेल."

"नबाब गेला आन् लाईन ठेवली त्यांनी! आमचा निजाम गेला, लाईनबी गेली. हे बरंय." यावरही ते चिडलेच. पण दुसऱ्या दिवशी शहागंजात जाऊन दोघांची नावं देऊन आले. त्यानंतर तीनदा गेले, तिन्हीदा एकच प्रश्न घेऊन. "मीटर का नॅरो?" म्हणजे आपल्यासारखी मीटरभर रुंद लाईन, का त्याहून अरुंद. तिसऱ्या खेपेला बन्सी कंटाळून म्हणाला, "काका, तुम्ही म्हणाल ती लावतो." त्या दिवसापासून त्या दोघांचं जे बिनसलं ते बिनसलंच.

द्वारका झाली, सोमनाथ झाला. काका रांगेत चिडले, पुजाऱ्यावर चिडले, भाजीत गूळ घालतात म्हणून अख्ख्या गुजरातवर चिडले. सातव्या दिवशी मात्र धर्मशाळेत सगळ्यांच्या आधी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसमध्ये जाऊन बसले. हातात एक स्वच्छ धुतलेला टॉवेल.

"समुद्रात बुडी मारणार का काय, काका?" मी विचारलं.

"जागा धराया," ते म्हणाले. खिडकीतून आत टाकून जागा धरायचा टॉवेल. बाकी बस खो खो हसली. पहिली मीच हसले होते.

दीव देखणं आहे, पण काकांच्या देखत तसं म्हणायची सोय नव्हती. किल्ल्याच्या भिंती थेट पाण्यात उतरलेल्या, पांढरी चर्चं, धक्क्याला लागलेल्या होड्यांवर रंगीत निशाणं. त्याआधी वाटेत एका किनाऱ्यावर उतरलो होतो, तिथं ताडाची झाडं पार पाण्यापर्यंत आलेली.

"काका, बघा की समुद्र!"

"बघितला. हालतोय. चला."

गाडी देलवाड्याहून दोन चाळीसला. देलवाडा तिथून आठ-नऊ किलोमीटर. काकांनी हे बाराला सांगितलं, साडेबाराला सांगितलं, जेवताना ताटावरून सांगितलं. जेवण झालं आणि आमच्यातले पुरुष "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून गेले ते गेलेच. गुजरातेत दारूबंदी, दीवमध्ये नाही. सात दिवस देवदर्शन केलेली माणसं, पाय बरोबर तिकडेच मोकळे झाले. त्यांत आमचे हेही. काका एकेका बारच्या दाराशी जाऊन ओरडू लागले, "आरं ए भक्तांनो! सोमनाथाचा निरोप आलाय, बाहेर या!"

बायका काही कमी नव्हत्या. बन्सीनं आम्हांला एका बांधणीच्या दुकानात नेऊन सोडलं आणि स्वतः दुकानदाराशेजारी मांडी घालून चहा प्यायला बसला. तिथली एक हिरवी आणि एक लाल, अशा दोन ओढण्यांत माझा जीव अडकला.

दाराशी काका. "मास्तरीणबाई, दोन वाजून गेले."

"पाच मिनिटं, काका."

"शाळेतली का रेल्वेतली?"

"काका, लाल घेऊ का हिरवी?"

"कफन घ्या!"

दुकानातल्या साऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बन्सीनं तेवढ्यात शहाणपण केलं. म्हणाला, "काका, चुकली तर चुकली. बस हाय ना आपली. त्या डब्यात हाय काय? लाकडाचं बाकडं." काका आत आले, बन्सीच्या हातातला कप घेतला, दारापर्यंत जाऊन चहा गटारीत ओतला, आणि रिकामा कप परत आणून बशीत ठेवला. आम्ही दोन मिनिटांत बसमध्ये होतो. मी लाल घेतली होती.

पण पुरुष गोळा व्हायला अजून पाव तास गेला. बस सुटली तेव्हा काका ड्रायव्हरच्या शेजारी उभे, एक हात दांडीला, एका हातात टॉवेल. देलवाडा आलं. स्टेशनाच्या अलीकडे रेल्वेचं फाटक लागतं, आणि ते बंद होतं. पलीकडे, हाकेच्या अंतरावर, फलाट दिसत होता. फलाटाला लागलेली बुटक्या डब्यांची गाडी. काकांनी ती बघितली आणि त्याच क्षणाला ती हलली.

काका बसमधून उतरले. पळायला गेले, पण चौऱ्याहत्तर वर्षांचे गुडघे. दहा पावलांवर फाटकाच्या दांडीला धरून थांबले. गाडी हळूहळू आमच्याच दिशेनं येत होती, आमच्यासमोरून जायला. आणि काकांनी काय करावं? टॉवेल खांद्यावर टाकला, फाटकापासून दोन पावलं बाजूला झाले आणि जसे चौतीस वर्षं उभे राहिले तसे उभे राहिले. तोंडावर राग नव्हता. बावीस वर्षांत राग नसलेले काका मी पहिल्यांदा बघितले आणि मला ते बघवेना. झालेल्या उशिरातली पाच मिनिटं तरी माझीच होती.

मी पिशवीतून ओढणी काढली, दांडीखालून वाकून रुळावर गेले आणि दोन्ही हातांनी ती डोक्यावर फडकवायला लागले. फाटकवाला ओरडला. मागून बसमधली सगळी मंडळी ओरडायला लागली, ती आनंदानं. इंजिनानं कर्कश शिट्टी घातली, चाकं किंचाळली, आणि गाडी माझ्यापासून तीसेक पावलांवर येऊन उभी राहिली.

ड्रायव्हर अर्धा बाहेर लटकला होता. घाबरलेला. "क्या हुआ? लाइन पे क्या है?"

मी हसत म्हटलं, "कुछ नहीं भैया! हमारे काका को बैठना है!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं पांढऱ्या केसांचे, टॉवेल घेतलेले काका बघितले आणि मान हलवली. "क्या माताजी आप भी… चलो, जल्दी बिठाओ बाबा को."

बसमधल्या लोकांनी टाळ्या पिटल्या. ज्यांनी उशीर केला होता तेच जास्त जोरात पिटत होते. काकू तर पदर खोचून, पहिल्या डब्याची दांडी धरून एक पाय पायरीवर ठेवून मोकळ्या झाल्या. समोरची खिडकी रिकामी होती. मी म्हटलं, "टाका काका, टॉवेल टाका!"

काका माझ्यासमोर आले. त्यांनी माझ्या हातातून ओढणी हिसकावली.

"लाईनीवर काय हाय?"

"काही नाही हो, चढा तुम्ही."

"रूळ तुटलाय? माणूस पडलंय? गाय हाय?"

"काका, काही नाही…"

"मग लाल कामून दाखवलं?"

असा आवाज मी त्या भिंतीतून कधी ऐकला नव्हता. नळावरचा, स्कूटरवरचा राग म्हणजे लाडच म्हणायचे.

ओढणीचा बोळा करून त्यांनी तो काखेत मारला, आणि काकूंना म्हणाले, "खाली उतर."

"आवो, खिडकी रिकामी हाय," काकू म्हणाल्या.

"दिसतीया मला. उतर."

मग इंजिनाखाली जाऊन उभे राहिले. "ड्रायव्हर साब, गलती हमारी है. मैं रेल्वे का आदमी. की-मॅन था. मेरा नाम लिखो. औताडे पुंजाराम. बाई का नाम नक्को लिखो, उसको समझता नहीं."

तोवर मागून गार्ड पळत आला होता. त्याला सगळं सांगितलं गेलं. तोही बिचारा म्हणाला, "बाबा, अब तो खडी है गाडी. बैठ जाओ ना."

"नहीं बैठता. खतरा नहीं था. निकालो तुम गाडी, लेट हो रही."

"काका, वेडेपणा करू नका!" बन्सी मागून ओरडला. "याच्यासाठीच आला ना एवढ्या लांब!"

काकांनी वळूनही बघितलं नाही. गार्डानं वहीत नाव लिहून घेतलं, मागं जाऊन हिरवा बावटा दाखवला. काका रुळापासून पाच पावलं बाजूला गेले आणि हात सरळ धरून उभे राहिले. ड्रायव्हरनं जाताना एक छोटी शिट्टी दिली, ती नक्की काकांसाठी होती. एकेक डबा त्यांच्यासमोरून गेला. ती रिकामी खिडकीही गेली. आतल्या लोकांना काय कळणार, त्यांनी हसून टाटा केला.

गाडी दिसेनाशी झाली तरी काका तिथंच. मग खाली बसले, हाताचा तळवा रुळावर टेकवला आणि तसाच ठेवला. काकू मला म्हणाल्या, "आसू दे. गाडी गेल्यावर रूळ बोलतो थोडा येळ. आईकतील आन् येतील."

बस वेरावळच्या वाटेला लागली, कोडिनार गाव आलं. मग बन्सीला राहवेना. कागदाचा पुडा पुढं करून म्हणाला, "काका, शेंगदाणे घ्या. झालं ते झालं. कुणाचं नुकसान तर झालं नाय?"

काका उठून उभे राहिले. चालत्या बसमध्ये, दांडी न धरता.

"सांडूला इचार नुकसान. इचार! एकोणसत्तरचा भादवा. करमाडच्या म्होरं पाण्यानं खडी वाहून नेली, रूळ नुसता लोंबत व्हता. मी एका बाजूला पळालो बावटा घिऊन, सांडू दुसऱ्या बाजूला. आम्ही एका दिवशी लागलेलो, एका ताटात जेवायचो. आन् तिथल्या एका गावाला सवय! स्टेशन लांब पडतं म्हणून लग्नसराईत लाल लुगडं दाखवायचे, गाडी थांबवायचे, वऱ्हाड चढवायचे. हसायचे. टाळ्या वाजवायचे." हे म्हणताना त्यांनी सबंध बसवरून नजर फिरवली. "त्या ड्रायव्हरला चारदा फसवलेलं. पाचव्या येळंला सांडू दिसला. त्याला वाटलं तेच लोक. शिट्टी आधी मारली त्यानं. बिरेक नंतर. सांडू हटला नाय. हटला आसता तर ड्रायव्हरला पक्कं वाटलं आसतं, थट्टा व्हती म्हणून. गाडी उभी राहिली, खड्ड्याच्या अलीकडं. आतलं एक माणूस मेलं नाय. सांडू इंजनाखाली."

बन्सीच्या हातातला पुडा तसाच. कुणीतरी खाली मान घालून म्हणालं, "माहीत नव्हतं, काका."

"माहीत नव्हतं! तुमच्या दारूपायी, तिच्या फडक्यापायी, ह्याच्या चहापायी माझी गाडी गेली, ते मी गिळलं आसतं. रोजच गिळतो. पण आता त्यो ड्रायव्हर हाय ना, त्याला उद्या कुणी लाल दाखवलं तर त्याला आधी ही बाई आठवंल. हसणारी." मग बन्सीकडे वळले. "आन् तुझ्या पत्रकात ऐतिहासिक लिहू नगंस पुन्हा. तुला दुकान लिहिता येतं, त्येच लिही."

ते खाली बसले. टॉवेलाची घडी केली, पुन्हा केली. वेरावळ आलं तेव्हा धक्क्यावर मोठमोठ्या लाकडी होड्यांचे सांगाडे उभे होते, संध्याकाळचं ऊन त्यांच्या फासळ्यांतून येत होतं. सगळे ते बघायला उतरले. मी उतरले नाही. माझ्या यजमानांची तर सगळीच उतरली होती.

घरी आल्यावर पंधरा दिवस भिंतीपलीकडून काही ऐकू आलं नाही. नळ आला, गेला, स्कूटर भिंतीला टेकली, काका गप्प. नानासाहेब येऊन कोठडीतल्या जेवणाची चौकशी करून गेले, तरी गप्प. सोळाव्या दिवशी मीच धपाट्यांचा डबा घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले. काका पायरीवर बसून चपलेला खिळा ठोकत होते. काकूंनी आतून मला नजरेनंच सांगितलं, बोल.

"काका," मी म्हटलं, "चुकले मी."

ठोकणं चालूच.

"ती लाईनसुद्धा आता मोठी होणार म्हणतात. व्हायच्या आत पुढच्या हिवाळ्यात जाऊ या. बन्सी नको, दुकान नको. तुम्ही, काकू आणि मी. तासभर आधी स्टेशनात जाऊन बसू. येता?"

काकांनी हातोडी खाली ठेवली. डब्याचं झाकण उघडून धपाटी बघितली, मोजली असावीत. मग माझ्याकडे बघितलं, नळाकडे बघतात तसं.

"येतो," काका म्हणाले. "पण लाल काय आणायचं नाय. कुकूबी हिरवं लावून ये."